दादाच्या बहिणीची तपासणी

ती पहिल्यांदा आमच्या लातूरच्या केंद्रात आली तेव्हा तिचा थोरला भाऊ तिच्या पाठीवर होता. ओपीडी संपत आली होती. मी चाकाची खुर्ची शोधायला उठले, तेवढ्यात पाठीवरूनच तो म्हणाला, "सिस्टर, गाडी नको. ही निलंगा-लातूर विनाथांबा हाय."

त्याचा डावा गुडघा मोठ्या कैरीसारखा सुजलेला होता आणि कपाळावर घाम होता, तरी त्याला विनोद सुचत होता. बहीण मात्र हसली नाही. तिनं त्याला हळूच पलंगावर ठेवलं, पदर कमरेतून सोडला आणि विचारलं, "ताई, आधी थंड लावायचं का गरम? गावातला डॉक्टर गरम म्हणतो, अन् गरम लावलं की वाढतंय."

"थंड," मी म्हटलं. "गरम कधीच नाही."

तिनं मान हलवली. त्या दिवसापासून त्या घरात गरम शेक बंद झाला.

मी मूळची नांदेडची. तिथंच वॉर्डात नर्स होते, नंतर हिमोफिलियाच्या पेशंटांचं काम माझ्याकडं आलं. रक्त गोठायला जे घटक लागतात त्यातला एक या लोकांच्या अंगात जन्मापासून कमी असतो, किंवा नसतोच. लोकांना वाटतं, बोट कापलं की असा माणूस रक्त वाहून जातो. खरा छळ आतला असतो. काही लागलेलं नसताना गुडघ्यात, कोपरात, घोट्यात रक्त उतरतं, सांधा फुगतो, आणि असं पुन्हा पुन्हा होत गेलं की सांधा गंजलेल्या बिजागरीसारखा अडकून बसतो. जो घटक कमी आहे तो औषध म्हणून शिरेतून देता येतो. त्याला सगळे 'फॅक्टर' म्हणतात, आणि मला 'फॅक्टरवाल्या बाई'. आठवड्यातले काही दिवस मी नांदेडला असते, काही दिवस लातूरला. लोहा, अहमदपूर, चाकूर अशी ती एसटी मला पाठ आहे. मला गाडी लागते, म्हणून पर्समध्ये लिंबू असतं.

माझं काम सांगायला सोपं आहे. कुणाचा दात काढायचाय, कुणाचं ऑपरेशन आहे, कुणाला शाळेत मास्तर पीटीला पळवतात, कुणाचं औषध संपलंय, कुणी दोन महिने आलंच नाही, हे सगळं एकमेकांशी जोडत राहायचं. डॉक्टर बदलतात, पेशंट मोठे होतात, लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात जातात. आजार मात्र जन्मभर सोबत असतो, म्हणून कुणीतरी एकानं त्याच्यासोबत राहावं लागतं.

तर हा दादा. बहीण त्याला दादा म्हणायची, म्हणून मीही इथं दादाच म्हणते. निलंग्याजवळच्या एका गावातलं हे घर. वडिलांचं काळं रान, सोयाबीन, तूर, थोडा ऊस. माणूस कष्टाळू, बोलायला तिखट. घराण्याची माहिती विचारली तेव्हा ते लगेच म्हणाले, "आमच्या घरात असलं कुणाला न्हाई. कुणालाच न्हाई."

आई बाजूला बसली होती. वडील चहाला बाहेर गेले तशी ती बाकावरून सरकत माझ्याजवळ आली.

"बाई, माझा एक धाकटा भाऊ होता," ती म्हणाली. "दुधाचा दात पडला त्याचा. रगत थांबलंच न्हाई. हळद दाबली, चुना दाबला. तिसऱ्या दिवशी गेला. लोक म्हणले करणी केली कुणीतरी. माझी माय मरेपर्यंत शेजारणीशी बोलली न्हाई."

तिनं आजवर त्या भावाचा आणि या पोराचा संबंध जोडला नव्हता. तो मला जोडावा लागला. हा आजार आईकडून मुलाकडं येतो, आईला बहुधा त्याचा पत्ता नसतो, हे मी शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"म्हंजे माझ्या पोटातनं आलं."

"आलं, मावशी. पण त्यात तुमचं काय चुकलं? तुमच्या आईचंही काही चुकलं नव्हतं."

"अन् त्या शेजारणीचं बी न्हाई," ती म्हणाली.

मी अशा कितीतरी आयांना हे सांगितलंय. शेजारणीचा विचार करणारी ती एकटीच निघाली.

दादाला वारंवार लातूरला आणणं घरच्यांना जमत नव्हतं, म्हणून घरीच इंजेक्शन द्यायला कुणीतरी शिकावं असं ठरलं. वडिलांना सुई बघवत नव्हती, आईच्या हाताला कंप होता. बहीण शिकली. आधी रबराच्या नळीवर, मग दादाच्या हातावर. तिचा पहिला प्रयत्न फसला, दुसराही. दादानं हात तसाच पुढं ठेवला आणि मोठ्यानं कॉमेंट्री सुरू केली, "गोलंदाज पुन्हा धावत येतोय, निलंगा एंडकडून, प्रेक्षकांनी श्वास रोखलेत..." ती म्हणाली, "दादा, गप बस, न्हाईतर डोळ्यात टोचीन." तिसऱ्यांदा शीर सापडली.

ही कॉमेंट्री त्याची नुसती हौस नव्हती. लहानपणापासून त्याला खेळता आलं नाही, म्हणून तो मैदानाच्या कडेला बसून बोलत राहायचा. पुढं टेनिस बॉलच्या सामन्यांना लोक त्याला माईकवर बसवायला लागले. औसा, उदगीर, अगदी कर्नाटकात भालकीपर्यंत बोलावणी यायची. तिकडं तो अर्धी कॉमेंट्री कानडीत करायचा. औषध वेळेवर मिळायला लागलं, आमच्या फिजिओथेरपीच्या बाईंनी गुडघ्यावर मेहनत घेतली, आणि तो काठी न घेता चालू लागला. पाय थोडा ताठ राहिला तो राहिलाच.

अशी तीन-चार वर्षं गेली. मग एक दिवस वडिलांचा फोन आला.

"बाई, काय करलालाव?"

"काम करतेय, मामा. बोला."

"रविवारी पाव्हणे येणार हायत. पोरीला बघायला. तुम्ही त्या दिवशी फोन करू नका. अन् कुणी काही विचारलं तर दादा लहानपणी झाडावरनं पडला म्हणून सांगायचं."

"मामा, मी कुणाचं कुणाला सांगत नसते. पण खोटंही सांगणार नाही."

"खोटं बोला म्हणलं का मी? बोलूच नका म्हणलं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्या आठवड्यात ती एकटीच लातूरला आली. दादाशिवाय मी तिला पहिल्यांदाच बघत होते. नेहमीच्या पलंगाजवळ न जाता ती माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसली. पेशंट बसतात त्या खुर्चीत.

"ताई, माझी तपासणी करा. माझ्यात हाय का न्हाई, मला कळू द्या."

"घरी माहीत आहे?"

"मायला माहीत हाय. बापूला न्हाई."

ती सज्ञान होती. तिची तपासणी हा तिचा प्रश्न होता आणि तिचा निकालही तिचाच. डॉक्टरांनी तिला नीट बसवून सांगितलं की आईकडून हे येण्याची शक्यता निम्मी-निम्मी. मग त्यांनी विचारलं, "पाळीच्या वेळी रक्त जास्त जातं का?"

ती माझ्याकडं बघायला लागली. मग म्हणाली, "जास्त म्हंजे किती? मला वाटलं सगळ्यांचंच तसं असतंय."

पाळीत दोन-दोन दिवस तिला उठवत नसे. शेतात जायचं झालं तर ती जाड कापडांच्या घड्या करून न्यायची. इतकी वर्षं ती आमच्याकडं आली, दादाच्या गुडघ्यावर तासन्‌तास बोलली आणि स्वतःविषयी एक शब्द बोलली नाही. हा आजार पुरुषांचा, असं आम्हीच सगळ्यांना सांगत आलो होतो. तिनंही ते ऐकलं होतं.

रक्ताचा एक नमुना इथं तपासला, एक बाहेरगावच्या मोठ्या प्रयोगशाळेत गेला. निकाल यायला वेळ लागला. तोवर पाव्हणे येऊन गेले; मुलाला सुट्टी मिळाली नाही म्हणून घरची मोठी माणसंच आली, पण पसंती झाली. निकाल आला तो असा की आजार तिच्याकडूनही पुढं जाऊ शकतो, शिवाय तिच्या स्वतःच्या रक्तातही तो घटक बराच कमी आहे. तिला बाळंतपणात किंवा ऑपरेशनच्या वेळी जपावं लागणार होतं.

ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजे मी बी तुमची पेशंट."

"हो."

"मग दादाला फोन करता तसा मला बी करत जा."

तिनं केंद्राच्या बाहेर पायरीवर बसून त्या मुलाला फोन लावला. मी आतून बघत होते. ती हातवारे न करता, खाली मान घालून बोलत होती. बोलणं संपल्यावर नळावर तोंड धुतलं आणि निलंग्याची गाडी धरायला निघून गेली.

दोन दिवसांनी एक तरुण केंद्राच्या दारात उभा राहिला. खाकी पँट, हाताच्या रेघांत काळं ग्रीस. लातूरला एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक, गाव देगलूरकडचं. त्यानं तिचं नाव घेतलं आणि म्हणाला, "त्यांनी फोनवर सगळं सांगितलं. मला निम्मंच समजलं. तुम्ही समजून सांगा."

मी लगेच तिला फोन केला. तिनं सांगितलं, "सांगा ताई. मीच पाठवलंय." मग मी त्याला बसवलं.

"मी गाड्यांचा माणूस हाय," तो म्हणाला. "डोक्यात शिरंल असं सांगा."

"हौदाला चीर पडली तर बुजवायला वाळू लागते, सिमेंट लागतं, पाणी लागतं. यातलं एक जरी नसलं तरी गळती थांबत नाही. या लोकांच्या रक्तात त्यातली एक वस्तू नाही."

"म्हंजे सील बसत न्हाई."

"बरोबर."

"अन् त्यांचं?"

"तिचं बसतं. पण उशिरा बसतं."

मग त्यानं पोराचं विचारलं. मुलगा झाला तर निम्मी शक्यता, मुलगी झाली तर ती आईसारखी असण्याची शक्यता निम्मी, असं मी सांगितलं. औषध आहे, सरकारी दवाखान्यात मिळतं, आयुष्यभर लागतं, हेही सांगितलं. काहीही गोड करून सांगितलं नाही.

उठताना तो म्हणाला, "फोनवर हे सगळं सांगताना त्यांचा आवाज हलला न्हाई बघा. आमच्याकडं लोक गाडी विकताना इंजिनाचं खरं सांगत न्हाईत."

त्याच्या घरच्यांनी मात्र नकार कळवला. मध्यस्थानं वडिलांना सांगितलं, आणि वडील पहिल्या गाडीनं केंद्रात आले. बाकी पेशंट बसलेले होते, त्यांच्यादेखत ते माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

"माझ्या लेकीचं लग्न मोडलं तुम्ही. तिला तपासायला कुणी सांगितलं होतं? गुरं बी न विचारता तपासत न्हाईत कुणाची."

"तिनं स्वतः सांगितलं, मामा."

"ती लेकरू हाय. तुम्ही शिकलेल्या बाया. आजपासून आमचा अन् तुमचा संबंध न्हाई."

ते खोटं बोलत नव्हते, त्यांना भीती वाटत होती. एका लेकराचा पाय गेला, दुसऱ्याचं लग्न गेलं, आणि दोन्हीच्या मध्ये त्यांना मीच उभी दिसत होते. ते गेल्यावर आमच्या फिजिओथेरपीच्या बाई माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. तो पिऊन मी पुढच्या पेशंटला बोलावलं.

दादाचं येणं बंद झालं. बहीण मात्र शिवणक्लासचं सांगून लातूरला यायची आणि थर्मासमध्ये बर्फ घालून त्याचं औषध घेऊन जायची. क्लासही ती खरंच करत होती. त्यामुळं तेही खोटं नव्हतं.

त्या हिवाळ्यात दादा एका सामन्यात मंचावरून उतरताना पायरी चुकला आणि कमरेवर पडला. त्या वेळी काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जांघेत कळ यायला लागली, पाय सरळ होईना. बहिणीनं घरात होतं ते औषध दिलं आणि मला फोन केला. मी नांदेडला होते. लक्षणं ऐकली आणि माझ्या लक्षात आलं की पोटाच्या आत, कण्याजवळच्या स्नायूत रक्त उतरतंय. ते गुडघ्यासारखं दिसत नाही आणि गुडघ्यासारखं थांबतही नाही.

"आत्ताच्या आत्ता लातूरला आण," मी म्हटलं. "बापूंना सांग, माझ्यावरचा राग तसाच ठेवा, पण दादाला आणा."

त्यांनी आणलं. स्वतः जीपमध्ये मांडीवर डोकं घेऊन आणलं. लातूरला पहिला डोस मिळाला, पण पुढच्या दिवसांना लागणारं औषध तिथं पुरेसं नव्हतं. नवा साठा वाटेत होता. नांदेडला औषध होतं, पण माझ्यासमोर एका मुलाची सलाईन चालू होती आणि मला उठता येत नव्हतं. आम्ही बर्फाच्या पेटीत बाटल्या भरल्या आणि आमचा शिपाई ती घेऊन बसस्टँडवर गेला. एसटीच्या कंडक्टरकडं पेटी द्यायची, तिकडं कुणीतरी उतरवून घ्यायची, असं आम्ही अडीनडीला करत असू. धास्ती एकच, की गाडी वाटेत बंद पडली किंवा उतरवून घेणारा चुकला तर?

मी बहिणीला गाडीची वेळ सांगितली. म्हटलं, "स्टँडवर कोण जाईल? तू दादाजवळच थांब."

"बापू जातील. अन् ताई, मी त्यांना बी सांगितलंय. ते बघतील."

"ते कोण?"

ती हळूच म्हणाली, "ते."

मराठीत बाई 'ते' म्हणते तेव्हा आणखी विचारायची गरज नसते. घरच्यांच्या नकारानंतरही त्या दोघांचं बोलणं थांबलेलं नव्हतं, हे मला त्या एका शब्दानं कळलं.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी समजलं. त्यानं वर्कशॉपातून अहमदपूर स्टँडवरच्या कंट्रोलरला फोन केला, कंडक्टरचा नंबर मिळवला, पेटी उन्हातल्या खिडकीपासून हलवून सीटखाली ठेवायला सांगितली. गाडी लातूरच्या स्टँडात शिरली तेव्हा तो फलाटावर हजर होता. वडीलही तिथं होते, पण कोणती गाडी, कोणता कंडक्टर, त्यांना काही उमजत नव्हतं. ते गर्दीत इकडून तिकडं धावत होते. त्यानं पेटी उतरवून घेतली आणि विचारलं, "मामा, दवाखान्याची पेटी शोधताय का?"

दोघं एका ऑटोत बसून दवाखान्यात आले. पेटी आत गेल्यावर वडिलांनी त्याला कँटीनमध्ये नेलं, चहा पाजला, वर आग्रहानं भजी खायला घातली. तो कोण, हे त्यांनी विचारलं नाही. त्याच्या अंगावर खाकी कपडे होते, एसटीचा माणूस म्हणजे एसटीचा माणूस. तोही काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी मी लातूरला पोहोचले तेव्हा दादाची कळ कमी झालेली होती. वडील पलंगाशेजारी मोसंबी सोलत बसले होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाई, एसटीत अजून भली माणसं हायत बघा. काल एक पोरगं होतं. ना ओळख ना पाळख, माझ्यासोबत धावलं. अशा पोराच्या घरी पोरगी द्यावी."

दादाला हसू आवरेना. हसलं की जांघेत कळ यायची, म्हणून तो उशी पोटावर दाबून हसत होता. बहीण खिडकीकडं तोंड करून उभी राहिली. शेवटी आईनं डब्याचं झाकण लावलं आणि शांतपणे म्हणाली, "त्योच पोरगा हाय त्यो. देगलूरवाला."

वडिलांच्या हातातली मोसंबी तशीच राहिली. आम्ही सगळे त्यांच्याकडं बघत होतो. ते म्हणाले, "मग काल सांगायचं न्हाई का? मी त्याला नुसती भजी खाऊ घातली."

त्याच्या घरचे तयार व्हायला आणखी काही महिने लागले. एक दिवस त्याची आई त्याला घेऊन केंद्रात आली. बाई ठेंगणी, गंभीर, त्यांच्या घरी तेलुगू आणि मराठी मिसळून बोलतात. तिनं मला तेच सगळे प्रश्न विचारले जे त्यानं विचारले होते. मी तीच उत्तरं दिली. योगायोगानं बहीण त्या दिवशी दादाला घेऊन आली होती, आणि पडद्याच्या फटीतून ती दादाला इंजेक्शन देताना दिसत होती. त्याची आई बघत राहिली. मग मुलाकडं वळून म्हणाली, "मंची पिल्ला."

मी त्याच्याकडं बघितलं. तो लाजून म्हणाला, "पोरगी चांगली हाय म्हणते."

मग ती मला मराठीत म्हणाली, "माझ्या थोरल्या सुनेला फिट येतात, बाई. लग्नात कुणी सांगितलं न्हाई. पहिल्यांदा फिट आली तवा ती चुलीजवळ होती. हात भाजला तिचा. आम्हाला माहीत असतं तर चुलीजवळ एकटी बसवली असती का तिला?" पडद्याकडं हात करून म्हणाली, "हिनं तोंडानं सांगितलं."

लग्न निलंग्याला झालं. पंगतीत पुकारा करायला माईक दादाच्याच हातात होता आणि नवरदेवाकडच्या मंडळींना तो देगलूर एक्सप्रेस म्हणत होता. वडिलांनी मला पहिल्या पंगतीत बसवलं आणि जिलेबी वाढायला स्वतः आले. जुन्या भांडणाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

दोघं लातूरला भाड्याच्या खोलीत राहायला लागली. वर्षभरानं ती केंद्रात आली आणि दार लावून घेऊन मला सांगितलं की दिवस गेलेत. डॉक्टरांनी तिच्यापुढं सगळं मांडलं. पोटातल्या बाळाला हा आजार आहे का, हे आधी कळू शकतं, त्यासाठी मोठ्या शहरात जावं लागेल, नंतर काय करायचं ते तुम्ही दोघांनी ठरवायचं. तपासणी केली तरी हरकत नाही, नाही केली तरी हरकत नाही.

ती दोन दिवसांनी नवऱ्याबरोबर आली.

"न्हाई करायची," ती म्हणाली. "ज्यांना करायची त्यांनी करावी, मी नावं ठेवत न्हाई. पण मी केली अन् निकाल तसा आला, तर मला घरी जाऊन दादाच्या तोंडाकडं बघावं लागंल. त्यानं जन्मायला नको होतं, असं म्हणायचं का मी?"

नवऱ्यानं फक्त एवढंच विचारलं, "मग तयारी काय काय करायची ते सांगा."

त्या तयारीत माझे पुढचे महिने गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, असा आईचा हट्ट होता. मी म्हटलं, "मावशी, माहेर उचलून लातूरला आणा." आई खरंच सातव्या महिन्यात गाठोडं घेऊन डेपोजवळच्या त्या खोलीत येऊन राहिली. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरबाई, भूलतज्ज्ञ, रक्तपेढी, बाळाचे डॉक्टर, या सगळ्यांशी मी बोलले. बाळाचं डोकं यंत्रानं ओढायचं नाही. जन्मल्यावर मांडीत सुई टोचायची नाही. नाळेतलं रक्त तपासायला घ्यायचं. तिच्यासाठी औषध हाताशी ठेवायचं. एकाच गोष्टीसाठी मी इतक्यांदा फोन केले की डॉक्टरबाई एकदा म्हणाल्या, "अहो, बाळंतपण तुमचं आहे की तिचं?"

ते सकाळी पार पडलं. कळा चांगल्या आल्या, यंत्राची वेळ आली नाही. मुलगा झाला. मी नाळेच्या रक्ताची नळी स्वतः हातात धरून प्रयोगशाळेत नेली. तिचं रक्तही आटोक्यात राहिलं.

निकाल आला. बाळाला होता. सौम्य नव्हता, दादाला होता तसाच होता.

डॉक्टरांनी त्या दोघांना सांगितलं तेव्हा मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. बाळ दुपट्यात झोपलं होतं. तिनं त्याच्या टाळूवरून बोट फिरवलं. नवरा म्हणाला, "बरं." मग थोडा थांबून, "औषध कधी चालू करायचं?"

आईला सांगायचं काम माझ्याकडं आलं. ती वऱ्हांड्यात बाकावर बसून बाळाच्या टोपीची नाडी ओवत होती. मी शेजारी बसले आणि सांगितलं. तिनं नाडी पूर्ण ओवली, गाठ मारली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं पण आवाज साधा होता.

"दात पडायच्या आधी औषध मिळंल ना ह्याला?"

"दात यायच्या आधी मिळेल, मावशी."

मिळालं. आता कातडीखाली द्यायचं नवं औषध आलंय. शीर शोधावी लागत नाही, आणि रक्त उतरल्यावर धावण्याऐवजी आधीच देऊन ठेवता येतं. ते पोरगं रांगलं, उभं राहिलं, पडलं, अंगावर निळे डाग आले, गेले. गुडघे बघायला फिजिओथेरपीच्या बाई त्याला टेबलावर झोपवतात तेव्हा त्यांना हाताला काही लागत नाही. दादा शेजारी उभा राहून म्हणतो, "बाई, नीट बघा. कंपनीचा ओरिजिनल माल हाय." पण एकदा मी त्याला त्या लहानग्या गुडघ्यावर हात ठेवून नुसताच उभा असलेला पाहिलं.

सगळ्यांचं असं होत नाही. औषधाचा साठा अजूनही कधी कधी उशिरा येतो. काही घरं अजून फोन उचलत नाहीत. काही ठिकाणी सुनेला माहेरी पाठवलं जातं आणि त्यानंतर माझ्या हातात काही राहत नाही.

मागच्या महिन्यात वडिलांचा फोन आला. मागून जीपचा आवाज येत होता.

"बाई, लातूरला हाव ना?"

"आहे. का? नातू बरा आहे ना?"

"त्यो बरा हाय. आमच्या शेजारच्या गावात एक लेकरू हाय, वर्षाचं. जीभ चावली, दोन दिस झाले रगत झिरपून राहिलंय. घरचे देवऋष्याकडं निघाले होते. मी जीपमध्ये घातलं सगळ्यांना. येलालो."

दुपारी ते आले. सोबत एक घाबरलेलं तरुण जोडपं, बाईच्या पदराला रक्ताचे डाग. वडिलांनी त्यांना पंख्याखालच्या बाकावर बसवलं. पोराच्या बापाला पाण्याचा नळ कुठं आहे ते दाखवलं, बाईला म्हणाले, "लेकराला आडवं धरू नको माय, बसतं धर." मग माझ्याकडं वळले.

"ह्यांच्या घरात कुणाला न्हाई म्हणतात," ते म्हणाले. "तुम्ही आईला बाजूला घेऊन विचारा."

मी लेकराला मांडीवर घेतलं आणि तोंड उघडून बघायला लागले.